गोलात कोण होतं?

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस आबांनी मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी तो बाहीवरची धूळ झटकावी तसा झटकून टाकला. आम्ही दोघे न्यू ब्रन्सविकमध्ये, कॉलेज ॲव्हेन्यूवरच्या जुन्या जिमच्या मागे, गाड्या लावण्याच्या जागेत उभे होतो. माझी लेक रटगर्स विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला शिकते. तिचा तास सुटायला अजून अर्धा तास होता आणि गाडीत बसून आबांचे पाय अवघडले होते. कोल्हापूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला न्यू जर्सीची हिवाळ्याआधीची थंडीसुद्धा बोचते. जावयाचे जाड जाकीट, गळ्याभोवती मफलर आणि डोक्यावर घरून आणलेली माकडटोपी घालून ते सावकाश फेऱ्या मारत होते आणि मी त्यांच्या मागून चालत होते. ओल्या पानांचा आणि डांबराचा एकमेकांत मिसळलेला वास येत होता. वेळ घालवायचा म्हणून मी त्यांना सांगितले की, आपण उभे आहोत तिथे पूर्वी मैदान होते, आणि याच मैदानावर ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांच्या पोरांनी जो सामना खेळला, त्याला अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना म्हणतात. रटगर्सने तो सहा विरुद्ध चार असा जिंकला. आबा थांबले. पांढऱ्या पट्ट्यांमध्ये ओळीने लावलेल्या गाड्यांकडे त्यांनी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले आणि विचारले, "गोलात कोन हुतं?"

मी म्हणाले, "आबा, दीडशे वर्षं होऊन गेली. असेल कुणीतरी."

ते काही बोलले नाहीत. मान हलवून पुन्हा चालू लागले.

तेवढ्यात लेक आली, आम्ही घरी आलो, जेवणे झाली. पण रात्री भांडी जागेवर लावताना मला त्यांचा चेहरा आठवला आणि कुठेतरी चुकल्यासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी एडिसन स्टेशनवर गाडीची वाट पाहताना ते पुन्हा आठवले. मी असे उत्तर द्यायला नको होते. दुसऱ्या कुणाला दिले असते तर चालले असते, आबांना द्यायला नको होते, कारण आबा स्वतः गोलात उभे राहिलेले आहेत.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे तालमीत लाल मातीत कुस्ती खेळणाऱ्यांच्याच पुढच्या पिढ्यांनी चेंडूला लाथ मारली आणि संघांना तालमींचीच नावे राहिली. पेठ म्हणजे संघ आणि संघ म्हणजे पेठ. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात आबांचे बूट दाराच्या आतल्या बाजूला, चपलांपासून वेगळे ठेवलेले असत. त्यांना आई कधी हात लावत नसे आणि ते चिखलाने कितीही भरलेले असले तरी कधी कुरकुरतही नसे. मला आठवतात ती आबांच्या खेळातली शेवटची तीन-चार वर्षे. मी त्यांच्याबरोबर गांधी मैदानावर सरावाला जाई आणि गोलाच्या मागे, जाळी नसलेल्या दोन खांबांच्या पलीकडे, सुटलेले चेंडू अडवायला उभी राही. हातमोजे नव्हते. आबांच्या दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली असे, आणि सामना असला की घरातून निघण्यापूर्वी ते ती दाताने तोडून नव्याने लावत. शाहू स्टेडियमवर सामना असला की गॅलरीत मला कुणाच्या तरी खांद्यावर जागा मिळे. पुढे एक दिवस आजी म्हणाली की आता मोठी झालीस, बाप्यांच्या गर्दीत जायचे नाही, आणि त्यानंतर सामन्याच्या दिवशी मी गच्चीवर उभी राहून स्टेडियमवरून येणाऱ्या आवाजावरून गोल झाला की हुकला ते ओळखू लागले. आपला गोल झाला तर आवाज एकदम फुटतो आणि बराच वेळ टिकतो. आपल्या गोलरक्षकाने चेंडू अडवला तर त्याआधी क्षणभर काहीच ऐकू येत नाही.

आबांच्या लोखंडी ट्रंकेत एक कात्रण आहे. ते पेठेकडून खेळलेल्या पहिल्या सामन्याचे. कागद पिवळा पडून घड्यांवर फाटलेला आहे. त्यात दोन्ही बाजूंनी गोल करणाऱ्यांची पूर्ण नावे आहेत, पंचांचे नाव आहे, बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचे आहे, आणि शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिले आहे की गोलरक्षकाने उत्तम खेळ केला. एवढेच. नाव नाही. आबांनी ते कात्रण पन्नासहून अधिक वर्षे जपून ठेवले आहे आणि त्या ओळीबद्दल ते कधी एक शब्दही बोललेले मला आठवत नाही.

त्या आठवड्यात मी जमेल तेवढे वाचून काढले. सुरुवातीला आबांना उत्तर द्यायचे म्हणून वाचत होते, नंतर त्या पोरांमध्येच गुंतत गेले. एकेका बाजूला २५ जण. मैदान ३६० फूट लांब आणि २२५ फूट रुंद. चेंडू हातात घेऊन पळायचे नाही, फेकायचा नाही, धरून ठेवायचा नाही. पायाने मारा, डोक्याने मारा, फार तर हाताने टोलवा. एक गोल झाला की एक डाव संपला, आणि असे दहा डाव झाले की सामना संपला, म्हणून सहा-चार. नियम मोडला तर ज्यांनी मोडला त्यांनीच चेंडू सरळ वर आकाशात उडवायचा आणि तो खाली येईल तिथून खेळ पुन्हा सुरू. चार परीक्षक आणि दोन पंच. आज अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो लांबट चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसण्याचा खेळ, त्याची यात कुठे सावलीही दिसत नाही. लंडनमध्ये १८६३ साली जे नियम ठरले त्यांच्याच वळणाचे हे नियम होते, आणि कोल्हापुरात पोचलेला खेळही त्याच घराण्यातला. म्हणजे ज्या सामन्याला हे लोक आपल्या खेळाचा जन्म म्हणतात, तो त्यांच्यापेक्षा आबांना अधिक ओळखीचा वाटला असता.

पोशाख असा नव्हताच. पोरांनी अंगातले कोट, टोप्या, जाकिटे उतरवून ठेवली आणि होत्या त्या कपड्यांवर खेळायला उभी राहिली. ५० जणांच्या गर्दीत आपला कोण आणि परका कोण हे ओळखायचे कसे, म्हणून रटगर्सच्या काही पोरांनी डोक्याला लाल रुमाल गुंडाळले. इंग्रजी वृत्तान्तांत त्याला पगडी म्हटले आहे. मी ते वाचले तेव्हा मला पेठेतल्या मिरवणुका दिसल्या, फेट्याचा शेमला पाठीवर टाकून नाचणारी पोरे दिसली. कॉलेजचा रंग लाल ठरून तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. डच लोकांनी स्थापलेले कॉलेज म्हणून नारिंगी रंग अधिक शोभला असता, पण लाल कापड आणि लाल फिती सहज मिळत, असे त्यामागचे कारण सांगतात. रंग निवडण्याचे हे कारण मला फार आवडले. आमच्या पेठेच्या पहिल्या जर्सीचे कापड कोणत्या दुकानातून उधारीवर आले याची गोष्ट आबा अजून सांगतात.

प्रिन्स्टनची पोरे सकाळी आगगाडीने आली. काही वर्षांपूर्वी बेसबॉलमध्ये प्रिन्स्टनने रटगर्सचा ४०-२ असा धुव्वा उडवला होता, आणि ती सल इकडे सगळ्यांच्या मनात होती. तरीही दुपारी तीनपर्यंत पाहुणे आणि यजमान गावात एकत्र हिंडले. रटगर्सचा कर्णधार विल्यम लेगेट, प्रिन्स्टनचा विल्यम गमेअर. शंभरेक माणसे लाकडी कुंपणावर आणि घोडागाड्यांत बसून पाहत होती. पहिल्या काही मिनिटांतच रटगर्सने गोल केला आणि तो करणाऱ्या दोघांची नावे, गॅनो आणि डिक्सन, आजही घेतली जातात. शत्रूच्या गोलाजवळ उभे राहायचे हेच त्या दोघांचे काम होते. मग प्रिन्स्टनचा मायकेल नावाचा धिप्पाड गडी आपल्या अंगाच्या जोरावर रटगर्सची फळी फोडू लागला. तो आणि रटगर्सचा जॉर्ज लार्ज चेंडूमागे धावत असे काही कुंपणावर आदळले की कुंपण मोडले आणि वर बसलेले प्रेक्षक खाली कोसळले. मॅडिसन बॉल नावाचा रटगर्सचा एक खेळाडू, जो यादवी युद्धात जखमी होऊन आलेला सैनिक होता, धावता धावता चेंडूच्या पुढे जाऊन टाचेने तो मागे मारी, आणि ही युक्ती प्रिन्स्टनला बराच वेळ उमगली नाही. चार-चार अशी बरोबरी झाली तेव्हा लेगेटने आपल्या पोरांना सांगितले की समोरची माणसे आपल्यापेक्षा उंच आहेत, चेंडू वर उडवू नका, जमिनीवरून खेळा. पुढचे दोन्ही गोल रटगर्सचे.

हे मी आबांना जेवताना सांगितले. त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाले, "बरोबर हाय. उंच गड्याला खालनंच मारायचं."

कॉलेजच्या 'टारगम' या पत्रात त्याच महिन्यात सामन्याचा वृत्तान्त आला, तो मी दोनदा वाचला. लिहिणाऱ्याने म्हटले आहे की एकेका डावाचे वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक डाव आधीच्यासारखाच होता. तेच बेफाम धावणे, तोच आरडाओरडा, त्याच लाथा. आणि प्रत्येक वेळी ऐन रंगात आले की छळलेला बिचारा चेंडू कुंपणापलीकडे शेजारच्या जागेत आसऱ्याला पळून जाई आणि तो परत येईपर्यंत युद्ध थांबे. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या लेखणीतून मला आमच्या बोळातली पोरे दिसली, चेंडू भिंतीपलीकडे गेल्यावर कोण आणणार यावरून एकमेकांकडे बघणारी. त्याच वृत्तान्तात ते वाक्य आहे. प्रत्येक डावात शांत डोक्याच्या गोलरक्षकांनी रटगर्सचा गोल अर्धा डझन वेळा वाचवला, अशा अर्थाचे.

गोलरक्षकांनी. नाव नाही.

पुढच्या रविवारी मी आबांना पुन्हा तिथे घेऊन गेले. सुट्टीचा दिवस, सकाळची वेळ, गाड्या जवळजवळ नव्हत्या. मी त्यांना सांगितले की त्या वेळी गोल आठ पावले रुंद होता. आबांनी एका पांढऱ्या रेघेवर टाच टेकवली आणि मोजत चालू लागले. एक, दोन, तीन. सहाव्या पावलाला त्यांचा गुडघा कुरकुरला, ते थांबले, श्वास घेतला आणि उरलेली दोन पावले जरा लांब टाकून त्यांनी आठ पूर्ण केली. मग मागे येऊन दोन्ही टोकांच्या बरोबर मध्ये उभे राहिले, अर्धे पाऊल पुढे, गुडघ्यात किंचित वाकून, तळवे समोर. माकडटोपी कानांवर घट्ट ओढलेली. मी चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीमागून पाहिलेली ती ठेवण मला पहिल्यांदाच समोरून दिसत होती. मी सांगितले की चेंडू धरायचा नाही असा नियम होता, गोलरक्षकानेसुद्धा नाही. "धरायचा न्हाई?" त्यांनी तळव्यांकडे पाहिले. "मग त्यानं करायचं काय?" मग स्वतःच उत्तर शोधत ते म्हणाले, "ठोसा. ठोसाच मारायचा. नुसता अडवून भागत न्हाई, लांब गेला पायजे, न्हाईतर पुढं पंचवीस जन हायेतच." त्यांनी उजवी मूठ वळली आणि कानाच्या बाजूने वर नेऊन हवेत चेंडू टोलवल्यासारखी पुढे झेपावली. मूठ खांद्याच्या वर जेमतेम गेली. अंगठा मुठीच्या बाहेर होता, तसाच, मोडू नये म्हणून ठेवायला त्यांनी मला शिकवला होता. सायकलवरून जाणारा एक विद्यार्थी क्षणभर पाय टेकून त्यांच्याकडे पाहत राहिला आणि मग निघून गेला.

लेकीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की ती रोज तिथून जाते. तिला ती जागा बसथांब्याच्या पुढची एवढीच माहीत होती. विद्यार्थी त्या जिमला 'बार्न' म्हणतात, म्हणजे धान्याचे कोठार, आणि १९४७ साली न्यू जर्सीची राज्यघटना तिथेच बसून लिहिली गेली हे तिला एका विषयाच्या अभ्यासातून ठाऊक होते. मी तिला सांगितले नाही की १८६९ च्या त्या ५० पोरांच्या कॉलेजात तिला प्रवेशच मिळाला नसता; रटगर्स कॉलेजचे दार मुलींना उघडले ते १९७२ साली. गच्चीवरून आवाज ऐकणारी मी आणि त्या मैदानावरून पाठीला पिशवी अडकवून रोज जाणारी ती, या दोघींचा विचार मी एकटीनेच केला. त्याचा आनंद होता, आणि त्यात थोडे काही दुखतही होते.

सामना संपल्यावर रटगर्सने प्रिन्स्टनच्या पोरांना रात्री जेवायला घातले. भाषणे झाली, गाणी झाली, आणि पाहुणे आपल्या गाडीने परत गेले. सामना चालू असताना एक वृद्ध प्राध्यापक छत्री उगारून ओरडले होते की तुमचा शेवट काही ख्रिस्ती माणसाचा होणार नाही, अशी एक कथा आहे. ती खरी की रचलेली कोण जाणे, पण लेगेट पुढे चर्चमध्ये धर्मोपदेशक झाला आणि गमेअर न्यू जर्सीचा सरन्यायाधीश. आमच्या पेठेतही सामन्यानंतर तालमीत पातेली चढत. जिंकलेल्यांच्या घरचा तांबडा रस्सा हरलेल्या संघातली मित्रमंडळीही येऊन ओरपत, आणि सामन्यात कुणी कुणाच्या पोटरीवर लाथ मारली त्याचा हिशेब तिथेच मिटे. सगळेच मिटत नसे, हेही खरे. काही हिशेब वर्षानुवर्षे चालले आणि आबा ते आठवून अजून गप्प होतात.

आबांचा दुसरा प्रश्न होता, "फुडच्या म्याचला काय झालं?"

पुढचा सामना बरोबर एका आठवड्याने, १३ नोव्हेंबरला प्रिन्स्टनला झाला. यजमान प्रिन्स्टन म्हणून नियम प्रिन्स्टनचे, आणि त्या नियमांत हवेतला चेंडू झेलला तर मोकळी लाथ मारायला मिळे. उंच गड्यांना तेच हवे होते. प्रिन्स्टनने आठ गोल केले, रटगर्सने एकही नाही. तिसरा सामना ठरला होता, तो झालाच नाही. पोरांचे अभ्यासावरून लक्ष उडेल म्हणून प्राध्यापकांनी अडवले असे सांगतात. म्हणजे ज्या पहिल्या हंगामाच्या आठवणीवर आजचे एवढे मोठे विद्यापीठ अभिमानाने उभे राहते, तो हंगाम अवघ्या दोन सामन्यांचा होता, एक जिंकलेला, एक सपशेल हरलेला. दुसऱ्या वर्षी न्यूयॉर्कचे कोलंबिया कॉलेज येऊन मिळाले. रटगर्सने त्यांना सहा-तीन असे हरवले आणि प्रिन्स्टनकडून पुन्हा हार खाल्ली. त्याच्या पुढच्या वर्षी, १८७१ मध्ये, कोणत्याच कॉलेजांचा आपसात एकही सामना झाला नाही. मला राहून राहून त्या रिकाम्या वर्षाचाच विचार येतो. लाल रुमाल बांधलेली पहिल्या खेपेची पोरे एकेक करून पदवी घेऊन गेली असतील, आणि मागे राहिलेल्यांना हा खेळ पुढे चालेल की नाही याचा काही अंदाज नसेल. आमच्या तालमीचा संघही मध्ये दोन वर्षे बंद पडला होता. त्या दोन वर्षांत आबा रोज संध्याकाळी एकटे गांधी मैदानावर जाऊन येत, असे आई सांगे. तिथे जाऊन काय करता, हे तिने कधी विचारले नाही.

खेळ चालला, पण तो नाही. १८७३ च्या ऑक्टोबरमध्ये येल, प्रिन्स्टन, रटगर्स आणि कोलंबिया यांची माणसे न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात बसली आणि त्यांनी सगळ्यांसाठी एक नियमावली केली. हार्वर्ड आले नाही, कारण त्यांच्याकडच्या खेळात चेंडू हातात घेऊन पळता येई आणि ते सोडायची त्यांची तयारी नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात माँट्रियलहून मॅकगिल विद्यापीठाचा संघ हार्वर्डला आला, त्याने तिथे रग्बी दाखवला, आणि हार्वर्डला तो इतका आवडला की दोनच वर्षांत बाकीची कॉलेजेही त्याच वाटेला लागली. चेंडू लांबट झाला. १८८० साली माणसे अकरा झाली आणि येलच्या वॉल्टर कॅम्पच्या सांगण्यावरून दोन्ही संघ एका रेघेच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहू लागले. दोन वर्षांनी तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू सोडायचा, असे ठरले आणि त्यासाठी मैदानावर आडव्या रेघा ओढाव्या लागल्या. रटगर्सच्या पोरांनी पायाने जो खेळ सुरू केला, तो त्यांच्याच डोळ्यांदेखत आठ-दहा वर्षांत त्यांच्या हातात आणून दिला गेला, आणि त्यांना तो नव्याने शिकावा लागला. प्रिन्स्टन लवकर शिकले. रटगर्सला प्रिन्स्टनवर दुसरा विजय मिळवायला १९३८ उजाडले. नदीपलीकडे पिस्कॅटवेला नवे स्टेडियम बांधले गेले आणि त्याच्या अर्पणाच्या सामन्यात, ५ नोव्हेंबरला, रटगर्स २०-१८ असे जिंकले. पहिल्या विजयाला ६९ वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा एक दिवस उरला होता. या सगळ्या मधल्या काळात पुन्हा पुन्हा कुणीतरी पोरे लाल रंग अंगावर घालून प्रिन्स्टनसमोर उभी राहत होती आणि हरून घरी जात होती. त्यांच्यावर कुणी फलक लावलेला नाही. मला त्यांच्याबद्दल अधिक माया वाटते.

त्या नव्या स्टेडियमच्या जागी आज त्याहून कितीतरी मोठे स्टेडियम आहे, पन्नास हजारांवर माणसे मावतील असे. लेकीने तिकिटे काढली म्हणून एका शनिवारी आम्ही गेलो. लाल कपड्यांची माणसे दूरवरून चालत येत होती, कोळशाच्या शेगड्यांवर काही ना काही भाजले जात होते, आणि गुण मिळाला की तोफ उडत होती. पहिल्या तोफेला आबा दचकले आणि मग हसले. खेळ त्यांना कळेना. "सारखं थांबत्यात कशाला?" असे त्यांनी दोनदा विचारले. पण शेवटी-शेवटी एका खेळाडूने अंगावर तिघे असताना चेंडू छातीशी दाबून धरला आणि तसाच जमिनीवर पडून राहिला, तेव्हा आबा आपण होऊन उठून उभे राहिले. गोलरक्षक चेंडूवर असाच पडतो. पाठ समोरच्याकडे, गुडघे पोटाशी.

आबा परत जायच्या आधीच्या शनिवारी आम्ही दोघे न्यू ब्रन्सविकहून आगगाडीने प्रिन्स्टनला गेलो. कामासाठी मी या मार्गावरून नेहमी जाते, पण त्या दिवशी खिडकीपाशी आबा होते. प्रिन्स्टन जंक्शनला उतरून गावात जाणारी छोटी गाडी धरावी लागते, तिला लोक लाडाने 'डिंकी' म्हणतात, आणि तिचा फाटा १८६५ पासूनचा आहे, म्हणजे प्रिन्स्टनची पोरे तिथूनच आली आणि रटगर्सची तिथूनच हरायला गेली. पाच मिनिटांचा प्रवास. आबांनी पूर्ण वेळ दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले होते. झाडे जवळपास निष्पर्ण झाली होती आणि मधूनमधून एखादे ओक तपकिरी पाने धरून उभे होते. त्यांनी बाहेर पाहत विचारले, "जाताना गप असतील न्हाई, आठ खाल्ल्यावर?" मी म्हणाले, "असतील." आमच्या लहानपणी हरल्यावर आबा घरी येऊन प्रथम हात धूत, साबण लावून, बराच वेळ, आणि आई तोपर्यंत चहा गाळायची थांबे. हे मी बोलले नाही. प्रिन्स्टनमध्ये आम्ही ते मैदान शोधायच्या भानगडीत पडलो नाही. एका बाकावर बसून घरून नेलेल्या धपाट्या खाल्ल्या आणि पुढच्या गाडीने परतलो.

ते गेल्यावर डिसेंबरात मला रटगर्सच्या त्या २५ जणांची यादी मिळाली. नावांपुढे गोलरक्षक असे कुठे लिहिलेले नव्हते. मैदानावर कोण कुठे उभे होते त्याची वाटणी वाचायला मिळते. दोघे समोरच्या गोलाशी, ११ जण आपल्या भागाची राखण करायला, आणि १२ जण चेंडूमागे धावायला. या राखणदारांपैकीच कुणीतरी मागे गोलात थांबत असणार. रटगर्सच्या एका पोराने घाईगर्दीत दिशा विसरून आपल्याच गोलाकडे चेंडू मारला आणि त्यातूनच पुढे प्रिन्स्टनचा गोल झाला, असेही सांगतात. त्या पोराचे नाव त्याच्या मित्रांनी मुद्दाम झाकून ठेवले. म्हणजे एकाचे नाव मित्रांनी मायेने झाकले, आणि गोल वाचवणाऱ्यांचे नाव लिहायचे कुणाला सुचले नाही.

रविवारी सकाळी, कोल्हापुरात तेव्हा संध्याकाळ, मी आबांना फोन लावला. पडद्यावर त्यांचे कपाळ आणि मागची भिंत दिसत होती. मी म्हणाले, "आबा, नाव मिळालं नाही. पण सगळी पंचवीस आहेत. वाचू का?" ते म्हणाले, "वाच." मी एकेक नाव सावकाश वाचू लागले, ज्यांचे उच्चार मला नीट येत नव्हते तीही. लेगेट, गॅनो, डिक्सन, लार्ज, बॉल ही ओळखीची झालेली नावे आली तेव्हा ते हुंकार देत होते, बाकीच्यांना गप्प राहून ऐकत होते. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी दार उघडले, आईने विचारले की फोनवर कोण आहे, आणि आबांनी तिला हाताने थांब म्हणून खूण केली. पंचविसावे नाव झाल्यावर मी थांबले.

"परत वाच," आबा म्हणाले. "जरा दमानं."